नव्या हुकमाचं जुनं अक्षर

“पण यात अक्षराचा काय गुन्हा, आक्का?”

केतकीनं असं विचारलं तेव्हा बयाक्का कागद घोटत होत्या. पाटावर हातकागद, मुठीत शंख. खांदा मागं-पुढं, मागं-पुढं.

हात थांबला नाही.

“मी काहीतरी विचारतेय.”

“ऐकलं.”

“मग?”

“खळ लावलीय. पुरती वाळायच्या आत घोटला नाही तर कागद वाया जातो. तुझा प्रश्न काही वाळून जात नाही.”

बयाक्का म्हणजे नीरेश्वराच्या देवळामागच्या मठात पोथ्या उतरवणारी बाई. बोरूनं लिहायचं आणि जुन्या वळणानं लिहायचं. जाड उभा काना, तिरप्या पात्यासारखी सुरुवात, मात्रा अक्षराच्या डोक्यावर नाही तर पाठीला टेकलेली. त्यांच्या गुरूनं तसं लिहिलं, गुरूच्या गुरूनंही तसंच. आता असं लिहिणारं पंचक्रोशीत दुसरं कुणी उरलं नव्हतं. छापील पोथ्या मिळतात, मग हातानं कशाला लिहिता, असं कुणी विचारलं की आक्का म्हणायच्या, “जेवण हॉटेलात मिळतं. घरी चूल का पेटवता?”

केतकी ह्याच गावची. इथंच पाटासमोर बसून शिकली. मग शहरात गेली, अक्षरांचंच मोठं शिक्षण घेतलं, आणि आक्कांच्या हाताचं वळण उचलून कॉम्प्युटरसाठी टाइप, म्हणजे फॉन्ट, तयार केला. नाव दिलं ‘बयाक्षर’. खोटं कशाला बोला, देखणा झाला होता. लग्नपत्रिकेवर तोच, ऐतिहासिक सिनेमाच्या पोस्टरवर तोच, गडाच्या पायथ्याच्या मिसळीच्या हॉटेलावरही तोच. कालची गोष्ट जुनी आणि भारदस्त दाखवायची असली की लोक बयाक्षर लावायचे.

“परवा पेढ्यांचं खोकं आलं मठात,” आक्का घोटता घोटता म्हणाल्या. “वर माझ्याच हातचं अक्षर. टाकवेना मला ते. ठेवून दिलं कोनाड्यात.”

केतकी खूश झाली. “मग?”

“मुंग्या झाल्या.”

…

आता देवस्थान समितीला बयाक्षर दगडावर पाहिजे होतं. गाभाऱ्याच्या दाराशी.

केतकीनं बरोबर आणलेली गुंडाळी जमिनीवर पसरली. दगड जेवढा होणार तेवढाच कागद, रंगही दगडाचाच छापलेला. वर जागा मोकळी. खाली ओळ:

पुरातन आज्ञेप्रमाणे स्त्रियांनी या पायरीच्या पुढे पाऊल टाकू नये.

“वरची जागा ‘श्री’ची आहे. तो तुमच्या हातचा पाहिजे.”

मठाची रीतच तशी. शिष्याच्या कुठल्याही लिखाणाचा पहिला ‘श्री’ गुरूनं काढायचा. केतकीनं शहरात पडद्यावर कितीही अक्षरं नाचवली असली, तरी मोठ्या कामाला ती रीत मोडत नव्हती. ‘श्री’ मिळाला की पाथरवट छिन्नी लावणार होता.

आक्कांनी शंख खाली ठेवला. चष्मा लावला. कागदावर वाकल्या.

“हा ‘य’ चांगला उतरलाय.”

केतकीचा चेहरा उजळला.

“आणि ही कड अशी खरबरीत का?”

“मुद्दाम! बोरू झिजत आल्यावर होते तशी. एकेका अक्षराची किती रूपं केलीत मी. एका ओळीत दोन ‘र’ सारखे दिसणार नाहीत. हे यंत्रानं लिहिलंय असं कुणी ओळखूनच दाखवावं.”

“म्हणजे लोक फसतील.”

“फसतील नाही… त्यांचा विश्वास बसेल.”

“बरं.”

“बरं काय?”

“ह्या ओळीतलं ठरलं कधी?”

“समितीच्या मीटिंगमध्ये. गेल्या महिन्यात.”

“आणि अक्षर म्हणतंय, सातशे वर्षं झाली.”

“तेच तर यश आहे त्याचं!”

आक्कांनी चष्मा काढला.

नीरेश्वराची जुनी चाल वेगळीच होती. सकाळची पहिली घागर बायका घालायच्या. घरोघरची पाळी. नदीवर भरायची, ओल्या पदरानं गाभाऱ्यात जायचं, पिंडीवर ओतायची. त्याआधी पुरुषानं आत पाऊल टाकायचं नाही. ही चाल कधीपासूनची ते कुठंही लिहिलेलं नाही, कारण बायका लिहीत बसल्या नव्हत्या, पाणी आणत होत्या. आता समितीनं ठरवलं की पाणी नळानं पडेल आणि बायका बाहेरून हात जोडतील. बाहेरगावची मोठी माणसं दर्शनाला येतात, बायकांना आत बघून नाकं मुरडतात म्हणे.

“मला ते पटत नाही,” केतकी म्हणाली. “तुम्ही समजू नका मला पटतंय. पण मी आकार करते. त्यात काय लिहायचं हा लिहिणाऱ्याचा प्रश्न. लोहार सुरी करतो. त्या सुरीनं कुणी गळा चिरला तर फाशी लोहाराला देतात का?”

“लोहार सुरी म्हणून विकतो. तुळस म्हणून नाही.”

केतकीनं दुसरी बाजू धरली.

“मी नाही दिलं तर दुसरं कुणी देईल.”

“दुसरं कुणी माझ्याकडं ‘श्री’ मागायला आलेलं नाही. तू आलीस.”

“पोथीच्या शेवटी तुम्ही काय लिहिता? जसं पाहिलं तसं उतरवलं, दोष मला देऊ नये. सगळे लिहिणारे लिहितात. मग ती माफी मला का नाही?”

“त्या ओळीच्या आधी काय असतं?”

“आधी?… लिहिणाऱ्याचं नाव. गाव. तिथी.”

“आधी नाव. मग माफी. नाव लपवून माफी मागणाऱ्याला आपल्यात काय म्हणतात?”

केतकी गुंडाळीची कड सरळ करायला लागली.

“नाव-तारीख घातली तर ते नवं दिसेल, आक्का. सगळी जादू जाईल.”

“हं.”

“आणि माझंही काही आहे की यात! पत्रिका चार दिवसांत रद्दीत जाते. पोस्टरवर दुसरं पोस्टर चिकटतं. खोक्याला तर तुम्ही म्हणता तशा मुंग्या. एवढी वर्षं डोळे फोडले मी, आणि माझं एक अक्षर कुठं टिकत नाही. हा दगड टिकेल. मी मेल्यावर टिकेल. तुमचं वळण टिकेल! तुमच्यामागं आहे कोण? मी नसते तर हे वळण तुमच्याबरोबर चितेवर गेलं असतं.”

फार बोलली. बोलून झाल्यावर तिलाही ते कळलं.

आक्का हसल्या. “गेलं असतं. चांगलं पेटलंही असतं.”

“चेष्टा नको. ‘श्री’ काढणार की नाही तेवढं सांगा.”

आक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या. खळीची वाटी उचलली.

“कागद घे. चल.”

“कुठं?”

“‘श्री’ काढायचा तर जागा नको बघायला?”

देवळात रंग खरवडायचं काम चाललं होतं. भिंतींवर बसलेले ऑइलपेंटचे थर निघत होते आणि खालून काळा दगड उघडा पडत होता. कामगार अजून आले नव्हते. सभामंडपात सकाळचा अंधूक उजेड.

गाभाऱ्याच्या दाराशेजारी, नुकत्याच खरवडलेल्या भिंतीला आक्कांनी खळ फासली. कागद चिकटवला. कडा तळहातानं दाबल्या.

जरा मागं सरून पाहिलं तर कागद कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते ते कळेना. केतकीचा ऊर भरून आला. काहीही म्हणा, ऊर भरून यावा असंच काम होतं ते.

“बस इथं,” आक्का म्हणाल्या.

“कशाला?”

“आज हौसाची पाळी.”

हौसाबाई नदीकडच्या दारातून आली. कोळ्याघरची, साठी ओलांडलेली, कमरेवर तांब्याची घागर आणि तोंड चालू.

“आक्का, त्या रंगवाल्यांस्नी सांगा वाईच. समदा कचरा पायऱ्यांवर. म्या घसरून पडले तर देवाला पानी कोन घालंल, त्यांचा बा?”

मग तिला भिंत दिसली.

थांबली. एक बोट हवेत धरून वाचायला लागली.

“स्त्रि… स्त्रियांनी… या पायरीच्या…”

वाचून झालं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आणि घागर खाली ठेवली. भरलेली घागर पायरीच्या अलीकडं टेकायची नसते. तिनं टेकली.

“आक्का… ह्यो रंगाखालनं निघाला व्हय?”

आक्का खळीची वाटी धरून तिच्याकडं बघत होत्या.

“लई जुना दिसतोय.” हौसाबाईनं हात जोडले. देवाला नाही, पाटीला. “म्हंजी देवानं आधीच सांगून ठिवलं हुतं. आन् आमी वर रंग फासून त्याचं त्वांड दाबलं.”

केतकी धडपडत उठली. “नाही हो, मावशी! हे मी केलंय. कॉम्प्युटरवर. मागच्या आठवड्यात.”

“तू?”

“मी!”

“तुज्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात म्या. आन् म्हनं मी केलंय.”

“कागद आहे तो! हे बघा.” केतकीनं कोपरा नखानं उचकटला आणि ओढला. कागद टरकला.

“अगं फाडू नगंस! देवाचं हाय!”

“कागद आहे, मावशी.”

“आसंल कागुद. कुनी नक्कल काढली आसंल. पर अक्षर? अक्षर कुठं आजचं हाय? आज आसं कोन लिवतं?”

“मी लिहिते. मीच!”

“गप बस. देवाच्या दारात खोटं बोलू नगंस.”

हे अक्षर आजच्या कुणा माणसाचं आहे असं वाटूच नये, म्हणून केतकीनं सगळं आयुष्य घासलं होतं. आता कुणाला वाटतच नव्हतं.

हौसाबाई घागर ओढत खांबामागं गेली आणि तिथं भुईवर बसली. पदर तोंडाला.

“माजी सासू पन घालायची पानी. तिची सासू पन. समद्या ही पायरी वलांडून गेल्या…” ती स्वतःशीच बोलत होती. “म्हनून आसंल.”

“काय म्हणून, मावशी?”

“माजा पैला. म्हैन्याचा बी झाला नव्हता… कशानं गेला त्ये कुनाला कळलं न्हाई. डाक्टरला बी न्हाई.”

…

“आज कळलं.”

केतकी आक्कांच्या अंगावर धावून गेल्यासारखी वळली. “सांगा तिला! तुमचं ऐकेल ती.”

“आज सांगेन. उद्या दगड लागला की रोज एक बाई येईल. कुणाकुणाला सांगत बसू?”

“तुम्ही हे मुद्दाम केलंत. त्या बिचारीला मुद्दाम…”

“केलं,” आक्का म्हणाल्या. “माझं नाव बयाबाई. आज फाल्गुन शुद्ध पंचमी. हौसाला मी रडवलं. तिची माफी मी मागणार आहे… आता तू बोल.”



तेवढ्यात मोठ्या दारातून रंगराव आले. समितीचे अध्यक्ष. इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात फोन. खांबामागं कुणी बसलंय हे त्यांना दिसलं नाही. त्यांना भिंतच दिसली.

“वा! लावून पण बघितला? मॅडम, तोड नाही. अंगावर काटा आला बघा. जरा टरकलाय कोपरा, पण ते काय… आक्का, ‘श्री’ तेवढा काढून टाका. पाथरवट खोळंबलाय.”

“खाली दोन ओळी राहिल्यात,” केतकी म्हणाली. आवाज कोरडा होता.

“कसल्या?”

“पोथीच्या शेवटी असतात त्या. तिथी. आणि हुकूम कुणाचा, त्याचं नाव.”

“कुणाचं घालताय?”

“तुमचं. आडनावासकट.”

रंगराव हसले. मग त्यांनी पाहिलं, ती हसत नव्हती.

“माझं कशाला? मी काय एकटा आहे? समितीचा ठराव आहे तो.”

“मग सगळ्यांची घालते. जागा आहे.”

“अहो मॅडम…” रंगरावांनी आवाज खाली आणला, हट्टी गिऱ्हाइकाला समजावतात तसा. “नाव-तारीख घातली की नवं दिसणार. नवं दिसलं की बायका भांडायला आमच्या दारात. जुनं असलं तर कुणाशी भांडतील? देवाशी? म्हणून तर तुमचा टाइप घेतला. नाहीतर साधी पाटी पेंटरनं लिहिली असती की. आता रंग खरवडायचं काम चालूच आहे, लोक समजतील आतनं निघाला. कुणाशी खोटं बोलायची पण गरज नाही.”

“म्हणजे देवाचा हुकूम नाही हा.”

“देव कधी मीटिंगला येतो का? मागच्या महिन्यात ठराव झाला, तुम्हाला माहीत आहे की सगळं.”

खांबामागं घागर भुईवर खरकन् वाजली.

“मागल्या म्हैन्यात?”

हौसाबाई उभी राहिली होती. डोळे ओले होते. आवाज ओला नव्हता.

“हौसामावशी! तुम्ही कधी आलात?”

“मागल्या म्हैन्यात ठरलं ह्ये?”

“तसं नाही, मावशी. शास्त्रात असं आहे की…”

“शास्तर ऱ्हाऊ दे. नवं हाय का जुनं, येवढं सांग.”

रंगराव कागदाकडं बघायला लागले. कागद काही मदतीला आला नाही.

“तुजी आय तुला पोटात घिऊन ह्या पायरीवरनं आत गेलीया, रंगा. भरल्या घागरीनं. म्या तिच्या मागं हुते. दिस भरलेले, खाली वाकवंना तिला, तरी पाळी सोडली न्हाई… ती पापी व्हय रं?”

“मी असं कुठं म्हणालो?”

“ह्यो कागुद म्हनतोय. तुजाच न्हवं?”

रंगरावांनी हातातला फोन उगाच चालू केला.

“बोल की.”

फोन पुन्हा बंद झाला.

“नवं हाय तर.” हौसाबाईनं घागर कमरेवर घेतली. “मग सरक.”

रंगराव सरकले. का सरकले ते त्यांना विचारा.

ती पायरी ओलांडून आत गेली. पिंडीवर पाणी पडल्याचा आवाज सभामंडपभर घुमला. मग आतून तिचं बोलणं ऐकू यायला लागलं. रागाचं नव्हतं. पाळण्याशी बसून बोलावं तसं, हळू.

बाहेर तिघं उभे होते. तिघांनीही कान दुसरीकडं वळवले.

रंगरावांचा चेहरा लाल झाला होता. “ठीक आहे. तुमचा ‘श्री’ नको आम्हाला. टाइप पाथरवटाकडं पोचलाय, मॅडम, तुम्हीच पाठवलाय. दगड लागणार. ही हौसा आज गेली आत. किती दिवस जाईल? पिकलं पान आहे. उद्याच्या पोरींना काय ठाऊक, नवं का जुनं? त्यांना तुमचं अक्षरच सांगेल.”

चपला पायात सरकवल्या आणि गेले.

आक्कांनी वाकून फडकं घेतलं, देवळाच्या पन्हाळीखालच्या पाण्यात भिजवलं. केतकीनं उरलेला कागद ओढून काढला. आक्का खालची खळ पुसायला लागल्या.

“त्यांचं खरं आहे,” केतकी म्हणाली.

“काय?”

“अक्षरं परत मागता येत नाहीत. सुटली ती सुटली. मी नाही म्हणाले तरी ते दगड घडवतील.”

“घडवतील.”

“आणि तो दिसेल असाच. सातशे वर्षांचा.”

“तू काम चांगलं केलंयस. चांगलंच दिसणार.”

हे ऐकायला ती कितीतरी वर्षं थांबली होती. आता ऐकलं, आणि तोंड कडू झालं.

हौसाबाई रिकामी घागर घेऊन बाहेर आली. आक्का पुढं झाल्या आणि वाकून तिच्या पायाला हात लावला.

“अगं बाई, आक्का! ह्ये काय?”

“तो कागद मी लावला होता, हौसा. तुला बघायला लावला. चुकलं माझं.”

हौसाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग केतकीकडं. मग फडक्याकडं.

“पुन्यांदा असलं केलंसा तर ही घागर डोस्क्यात घालीन,” ती म्हणाली. “तांब्याची हाय.” आणि नदीकडच्या दारानं निघून गेली. जाताना पायऱ्यांवरच्या कचऱ्याला एक शिवी हासडली.

आक्का पुन्हा भिंतीकडं वळल्या. फडकं चालू.

केतकीनं टरकलेला कागद गुंडाळला.

“मी दगडाखाली लिहीन,” ती म्हणाली.

“कशानं?”

“बोरूनं. हातानं. ठराव ज्या दिवशी झाला ती तिथी. रंगरावांचं नाव. समितीतल्या सगळ्यांची नावं.”

“आणि?”

इथं केतकी अडखळली. इतकी वर्षं जिथं तिथं मिरवलेलं नाव, आणि आता तेच सांगणं जड झालं.

“आणि अक्षर घडवणारीचं. केतकी. आडनावासकट.”

“पुसतील.”

“परत लिहीन.”

“घासून काढतील. वरून रंगाचा हात मारतील.”

“रंगावर लिहीन.”

“तुला देवळात येऊ देणार नाहीत.”

“पहिल्या घागरीच्या वेळेला येईन. ज्या बाईची पाळी तिच्या मागनं. अडवा म्हणावं.”

“पोलिसात देतील.”

“देऊ देत. माझ्या अक्षराखाली मी माझं नाव लिहिते. यात गुन्हा कसला, ते त्यांनी लिहून द्यावं. खाली सही करून.”

आक्कांनी फडकं पिळलं. उद्या दगड जिथं लागणार होता त्या जागेकडं बघत राहिल्या… मग ओलं बोट खरवडलेल्या काळ्या पाषाणावर टेकवून एक रेघ ओढली. रेघ बघता बघता आत गेली.

“शाई घट्ट कर,” त्या म्हणाल्या. “दगड पितो.”